भरारी पथकाची शाळा

१९४५ साली ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला इतकं काही घडत होतं की दिल्लीत त्याच सुमारास तयार होत असलेल्या एका सरकारी अहवालाकडे इथल्या कोणाचं लक्ष जाण्याचं कारणच नव्हतं. मे महिन्यात झरी गावात हजारो वारली जमले. हे गाव तेव्हा उंबरगाव तालुक्यात होतं. पुढे १९६० साली राज्यं वेगळी झाली, उंबरगाव गुजरातेत गेलं आणि मागे राहिलेल्या गावांचं तलासरी झालं. शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेने भरवलेल्या त्या परिषदेतून वारली उठले ते वेठबिगार नाकारूनच. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांच्या गोळ्यांनी जेठ्या गांगड आणि त्याचे चार साथी गेले. डहाणूच्या समुद्राकडच्या अंगाला, बोर्डीत, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ त्याच वर्षी ग्राम बाल शिक्षा केंद्राची मांडामांड करत होत्या.

दिल्लीतला अहवाल होता सर जोसेफ भोर यांच्या समितीचा. भोर हे आपल्या नाशिकचे, शिकले पुण्यात, पुढे आयसीएस झाले. १९४३ मध्ये नेमलेल्या या समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला आणि स्वतंत्र भारताची आरोग्यव्यवस्था त्याच आराखड्यावर उभी राहिली. त्यातला एक प्रश्न डहाणू-तलासरीच्या वाट्याला पुढची पाऊणशे वर्षं वेगवेगळ्या रूपांत येत राहिला. खेड्यातल्या माणसासाठी कसला डॉक्टर घडवायचा, हा तो प्रश्न.

त्या वेळी देशात नोंदलेले डॉक्टर साधारण साडेसत्तेचाळीस हजार. त्यांतले पदवीधर साडेसतरा हजारांच्या घरात, बाकीचे सगळे लायसेन्शिएट. मेडिकल स्कूलमध्ये कमी वर्षांचा अभ्यासक्रम करायचा आणि तालुक्याच्या गावी दवाखाना थाटायचा, असा त्यांचा मार्ग. पुण्याचं बी. जे. मेडिकल स्कूल असे डॉक्टर तयार करी. मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची ‘एल.सी.पी.एस.’ ही पदवीवजा सनद जुन्या माणसांनी बाजारपेठेतल्या पाट्यांवर पाहिलेली असेल. समितीच्या बहुमताला हे दुहेरी प्रकरण मान्य नव्हतं. शहराला पुरा डॉक्टर आणि खेड्याला अर्धा, हे का? म्हणून एकाच प्रकारचा, साडेपाच वर्षं शिकलेला ‘बेसिक डॉक्टर’ घडवावा, अशी शिफारस झाली. काही सदस्यांनी मतभेदाची टिपणी जोडली. डॉक्टर आधीच इतके थोडे असताना लवकर तयार होणारे बंद करून कसं चालेल, हा त्यांचा मुद्दा. तो मागे पडला. बी. जे. १९४६ मध्ये कॉलेज झालं, नागपूरचं रॉबर्टसन स्कूल १९४७ मध्ये. लायसेन्शिएटांची नवी पिढी तिथेच थांबली.

माझ्या मते दोन्ही बाजूंचं अर्धं बरोबर होतं, आणि दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट निसटली. वाद झाला तो शिक्षण किती वर्षांचं असावं यावर. ते कुठे द्यावं, यावर फारसा झाला नाही. समितीने डॉक्टर हा समाजाचा वैद्य असावा असं म्हटलं, प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाच्या तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाची तजवीजही सुचवली. पण साडेपाच वर्षांतला बाकी सगळा काळ मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डातच जाणार होता. आजारी माणूस खाटेवर आडवा पडलेला, अंगावर रुग्णालयाचे कपडे, उशाशी केसपेपर, अशा अवस्थेतच विद्यार्थ्याला भेटणार. त्याचं घर कुठलं, ते वर्षातून किती महिने उघडं असतं, हे केसपेपरवर कुठे येतं?

पुढची तीस वर्षं भरभर सांगता येतील. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, प्राथमिक आरोग्य केंद्रं त्यांच्याकडे गेली. आदिवासी भागासाठी वीस हजार लोकसंख्येला एक केंद्र आणि तीन हजारांना एक उपकेंद्र असा निकष ठरला. कागदावर हा निकष सपाटीवरच्या गावांपेक्षा उदार आहे. डहाणूत आणि तलासरीत मात्र एका ग्रामपंचायतीत दहा-बारा पाडे, दोन पाड्यांच्या मध्ये ओढा, आणि पावसाळ्यात तो ओढा कधी उतरेल याचा भरवसा नाही. केंद्रात डॉक्टर असला तर तो मुंबईत किंवा पुण्यात शिकलेला, नेमणूक भोगायला आलेला, आणि पदव्युत्तर परीक्षेचा अभ्यास उशाशी घेऊन झोपणारा. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या शिक्षकांपैकी एकानेही आयुष्यात आरोग्य केंद्र चालवलेलं नसायचं.

मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचं ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र पालघरला आहे. जे. जे.चे इंटर्न तिथे येतात, ठरलेला काळ काढतात, परत जातात. मुंबईच्या वैद्यकीय शिक्षणाचं उत्तरेकडचं टोक बराच काळ तिथेच होतं. उपनगरी लोकलसुद्धा डहाणू रोडपर्यंत पोचली ती १६ एप्रिल २०१३ला. तोवर विरारच्या पुढे शटल आणि मेल-एक्स्प्रेस यांच्या वेळा सांभाळणं आलं. १९७५ मध्ये श्रीवास्तव समितीने वैद्यकीय शिक्षण गावाकडे वळवा असं बजावलं, त्यातून १९७७ मध्ये ‘रोम’ नावाची योजना निघाली. प्रत्येक मेडिकल कॉलेजने तीन विकासगट दत्तक घ्यायचे, विद्यार्थी-प्राध्यापकांनी फिरत्या दवाखान्याच्या गाडीतून गावात जायचं. गाड्या आल्या त्या भल्यामोठ्या. गावातल्या रस्त्यांच्या मानाने त्या फारच मोठ्या निघाल्या आणि पुष्कळ ठिकाणी कॉलेजच्या आवारातच उभ्या राहिल्या. योजनेचं पुढे काय झालं हे सांगायला याहून जास्त शब्द खर्च करायची गरज नाही.

बाहेरच्या जगात तोवर हा विषय वेगळ्या वाटेने गेला होता. ब्रिटनमध्ये १९५२ साली जनरल प्रॅक्टिशनरांनी आपलं स्वतंत्र कॉलेज काढलं, ते पुढे रॉयल कॉलेज झालं. आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून जी.पी. व्हायचं तर पदवीनंतर तीन वर्षांचं खास प्रशिक्षण सक्तीचं झालं. त्यातला काही काळ रुग्णालयात आणि काही काळ अनुभवी जी.पी.च्या दवाखान्यात, त्याच्या शेजारी बसून. अमेरिकेत १९६९ मध्ये ‘फॅमिली प्रॅक्टिस’ हे स्वतंत्र विशेषज्ञपण मानलं गेलं. आपल्याकडे राष्ट्रीय परीक्षा मंडळाने फॅमिली मेडिसिनची डीएनबी काढली खरी, पण मेडिकल कॉलेजांत या विषयाचा विभागच नव्हता. दादर-गिरगावातले ज्यांना आपण फॅमिली डॉक्टर म्हणून डोक्यावर घेतलं तेही असेच कोणा वडीलधाऱ्या डॉक्टरच्या दवाखान्यात उमेदवारी करून, पेशंटच्या तीन पिढ्या पाहत तयार झाले. शिक्षण होतं, पण ते विद्यापीठाच्या बाहेर होतं.

आता बोर्डीकडे पुन्हा वळतो, कारण तिथे एका दुसऱ्या व्यवसायाने नेमका उलटा रस्ता धरला होता. ताराबाई मोडक माँटेसरी पद्धतीत मुरलेल्या. त्यांचं नाव झालं ते गुजरातेतल्या भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत. पण बोर्डीत आल्यावर लक्षात आलं की वारल्यांची मुलं शाळेत येत नाहीत. ती धाकट्या भावंडांना सांभाळतात आणि गुरं राखतात. मग शाळाच अंगणात गेली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, काड्या आल्या. काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि अनुताईंनी तिथेच शिक्षिका घडवल्या. बालवाडीची बाई तयार करायची ती पाड्यावरच, मुलांसमोरच, हे तिथे गृहीत होतं. देशभर पसरलेल्या अंगणवाडीचं मूळ इथे आहे. डहाणू तालुक्यात शिक्षिकेचं प्रशिक्षण पाड्याच्या मापाने नव्याने बेतलं गेलं. डॉक्टरच्या प्रशिक्षणाबाबत त्याच तालुक्यात असं कोणी केलं नाही. कोणाला करताही आलं नसतं, कारण अभ्यासक्रम बदलण्याचा अधिकार दिल्लीत.

हे माप काय आहे, ते थोडं जवळून पाहायला हवं.

पावसाळ्याचे दिवस, पहाटेचा सुमार. जमिनीवर झोपलेल्या एका तरुणाला पोटात दुखू लागतं, घसा धरतो. कुठे काही चावल्याचं त्याला आठवत नाही, अंगावर खूणही दिसत नाही. रुग्णालयात शिकलेला नवखा डॉक्टर पोटाची गोळी देईल. इथे मुरलेला डॉक्टर आधी पापण्या बघेल, कारण त्या जड होऊन मिटायला लागल्या असतील तर तो मण्यारीचा दंश आहे आणि थोड्या वेळाने श्वासाचे स्नायू लुळे पडणार आहेत. घोणस किंवा फुरसं असेल तर प्रश्न रक्ताचा. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. स्वच्छ, कोरडी काचेची नळी घ्यायची, त्यात थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग तिरकी करून पाहायचं. रक्त गोठलं नाही तर विष अंगात भिनलंय, सर्पविषाची लस ताबडतोब सुरू करायची. पण नळी साबणाने धुतलेली असेल तर चाचणी फसते. हे पुस्तकात एका ओळीत असतं. नळी कोण धुतं, कशाने धुतं, हे आरोग्य केंद्रात बसल्याशिवाय कळत नाही. डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे. मुंबईच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेमार्फत ते चालतं. या केंद्राने सर्पदंशावर जे काम केलं त्यात आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांचं प्रशिक्षणही होतं. त्याची गरज पडावी, यातच सगळं आलं. ज्या आजाराने इथली माणसं दर पावसाळ्यात दगावतात, त्याचे उपचार डॉक्टरला नोकरी लागल्यावर शिकवावे लागतात.

हिवतापाचंही तसंच. व्हायव्हॅक्स मलेरिया मुळापासून जावा म्हणून प्रायमाक्विनचा चौदा दिवसांचा डोस देतात. पण वारली समाजात जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता तुलनेने जास्त आढळते. अशा माणसाला तीच गोळी दिली की तांबड्या पेशी फुटतात, लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होते, अंग पिवळं पडतं. म्हणून गोळी सुरू करताना ‘लघवीचा रंग बदलला तर गोळी थांबव आणि लगेच ये’ हे सांगावं लागतं, आणि ते त्याला समजेल अशा बोलीत सांगावं लागतं. घरात आधी कोणाला असं झालं होतं का, हेही विचारावं लागतं, कारण ही कमतरता आईकडून मुलाकडे येते. तसंच सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं निदान झालं की एका माणसावर थांबून चालत नाही, अख्खं कुटुंब तपासावं लागतं.

आणि कुटुंब म्हणजे तरी कोण? दिवाळी झाली की पाड्यावरची कितीतरी घरं बंद होतात. कोणी वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर, कोणी बांधकामावर. समुद्राकडची आणि तलासरीतली तरुण मुलं खलाशी म्हणून वेरावळ, पोरबंदर, ओख्याच्या बोटींवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा, आणि स्थलांतरही जवळपास तेवढंच. गरोदर बाई नवव्या महिन्यात भट्टीवरून परत येते की तिथेच बाळंत होते, हे पाचव्या महिन्यात विचारून ठेवणाऱ्या डॉक्टरलाच माहीत असतं. फॅमिली मेडिसिनच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात ‘सातत्याने काळजी’ हा पहिला धडा असतो. इथे सातत्य राखायचं तर भट्टीचा मुकादम कोण, त्याचा फोन नंबर काय, हे डॉक्टरच्या डायरीत असावं लागतं.

असा डॉक्टर कोणी घडवला? उत्तर शेजारच्या तालुक्यातल्या एका आपत्तीत आहे. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात कुपोषण आणि साथीच्या आजारांनी शंभरावर बालकं गेली. वर्तमानपत्रांनी ते लावून धरलं, मुख्यमंत्री सुधाकरराव नाईकांना तिथे यावं लागलं, विधिमंडळ हादरलं. त्यातून १९९५ मध्ये नवसंजीवन योजना आली आणि तिच्यात भरारी पथकं. आरोग्य केंद्राला जोडलेला एक मानसेवी डॉक्टर, सोबत कर्मचारी आणि गाडी. त्याने दवाखान्यात बसायचं नाही. पाडे फिरायचे, अंगणवाडीतली मुलं तपासायची, आश्रमशाळा तपासायच्या, गरोदर बायका हुडकायच्या, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात जास्त फिरायचं.

हे डॉक्टर बहुतेक आयुर्वेदाचे पदवीधर होते, बी.ए.एम.एस. एम.बी.बी.एस. डॉक्टर या कामाला मिळत नव्हते आणि मानधनावर तर नव्हतेच नव्हते. मानधन वर्षानुवर्षं तुटपुंजं राहिलं. बऱ्याच काळानंतर ते चोवीस हजारांवर आलं, आणि कोविडच्या काळात, कित्येक निवेदनांनंतर, चाळीस हजार झालं. नोकरी कायम नाही, रजा नाही, निवृत्तिवेतनाचं तर नावच नको. एका बाजूला आयएमए म्हणणार की आयुर्वेदवाल्यांनी आमची औषधं लिहू नयेत. दुसऱ्या बाजूला त्याच औषधांची पेटी सरकारच त्यांच्या हातात देणार.

आयएमएचा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. प्रतिजैविकं, झटके आलेलं मूल, अडलेली बाळंतीण, या गोष्टी वॉर्डातल्या शिस्तबद्ध शिक्षणाशिवाय हाताळणं धोक्याचं असतं, आणि तो धोका इथल्या गरिबांनी पत्करला, ज्यांनी आक्षेप घेतला त्यांनी नाही. पण भरारी पथकातला डॉक्टर कसा शिकला, हे पाहिलं तर त्यात भोर समितीच्या वादात न आलेली गोष्ट सापडते. रुजू झाल्यावर त्याचे खरे शिक्षक असतात ते उपकेंद्रातल्या सिस्टर. झोक्याचा काटा कुठल्या फांदीला टांगला की रडणारं मूल शांत राहतं, दंडाच्या पट्टीवर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, तांबड्यात, गेलेलं मूल आज घरी सोडायचं नाही, कुठल्या घरात सासूशी आधी बोललं पाहिजे आणि कुठल्या घरात भगताशी, हे तिला पाठ असतं. अंगणवाडीच्या ताईंकडे घराघराची नोंद. आश्रमशाळेच्या अधीक्षकाला कळतं कुठला मुलगा रात्री ओरडत उठतो. भगताला शत्रू करून चालत नाही; साप चावला की माणसं आधी त्याच्याकडे जातात, आणि ‘मंत्र टाक, पण आधी गाडीत बसव’ हे त्याला पटवणारा डॉक्टरच तास-दोन तास वाचवतो. हे सगळं मिळून जे होतं त्याला जगात फॅमिली मेडिसिन म्हणतात. सरकारदरबारी त्याला बिनपदवीची, करारावरची तात्पुरती सेवा म्हटलं गेलं.

महाराष्ट्राला हे नवं नव्हतं. महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर लाल विंचवाच्या दंशाने माणसं मरताना पाहत होते. पाठ्यपुस्तकात उपाय नव्हता. रात्र-रात्र रुग्णाशेजारी बसून त्यांनी लक्षणांची नोंद केली, हृदय कसं निकामी होतं ते जगापुढे मांडलं, १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबावरच्या औषधाने मृत्यू कमी करून दाखवले. पद्मश्री मिळाली २०२२ मध्ये. आडगावात बसून संशोधन होऊ शकतं, याचं उदाहरण म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. मला त्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. त्या भागाचा आजार शिकवायला तो भागच लागला.

डहाणू तालुक्यात मेडिकल कॉलेज आलं २०१७ मध्ये. धुंदलवाडीजवळ सासवंदला वेदांता इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस हे खाजगी महाविद्यालय सुरू झालं. पालघर जिल्हा होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती आणि जिल्हा रुग्णालयाची स्वतःची इमारतही उभी नव्हती. अडलेला रुग्ण वापी, वलसाड किंवा सिल्वासाला जायचा, अजूनही जातो. कॉलेज नवं असतानाच, नोव्हेंबर २०१८पासून, नेमक्या धुंदलवाडीच्या आसपास जमीन हलू लागली. महिनोन्महिने धक्के. माणसं घराबाहेर, शेतात, तंबूत झोपू लागली, थंडीच्या दिवसांत लहान मुलांसकट. शाळा झाडाखाली भरल्या. ताप, खोकला आणि उडालेली झोप, असा तो हिवाळा. भूकंपाचं वैद्यक म्हटलं की मोडलेली हाडं डोळ्यांपुढे येतात. इथे घरं बहुतांशी तगली, पण भीती महिनोन्महिने घरात वस्तीला राहिली, आणि तिच्यावर औषध द्यायचं तर पाड्यावर जाऊन बसण्याला पर्याय नव्हता.

मग एप्रिल २०२० आला. टाळेबंदी, आणि मुलं पळवणारे, किडन्या काढणारे रात्री फिरताहेत ही अफवा. गावोगावी पहारे बसले. सारणीजवळ मदत पोचवून परतणाऱ्या एका डॉक्टरच्या आणि पोलिसांच्या गाड्यांवर हल्ला झाला, आणि दोनच दिवसांनी, १६ एप्रिलला, गडचिंचल्यात तीन माणसांची हत्या झाली. त्यावर राजकारण पुष्कळ झालं. आरोग्याच्या अंगाने फारसं कोणी पाहिलं नाही. अफवा किडनीची होती. म्हणजे भीती होती ती शरीर उघडणाऱ्या अनोळखी माणसाची. त्याच आठवड्यांत आशाताई आणि सिस्टर त्याच पाड्यांवर घरोघर फिरत होत्या.

दिल्लीला कुटुंब आठवलं ते याच वर्षांत. २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात फॅमिली मेडिसिनच्या पदव्युत्तर शिक्षणाला चालना देण्याचं कलम आलं. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तीन महिने जिल्ह्याच्या आरोग्यव्यवस्थेत काढायचे, असा नियम झाला. मार्च २०२२ मध्ये कुटुंब दत्तक योजना आली: एम.बी.बी.एस.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून गावातली काही कुटुंबं घ्यायची आणि शिक्षण संपेपर्यंत त्यांच्याकडे जात राहायचं. कल्पना उत्तम आहे. सासवंदच्या कॉलेजातल्या मुलांना ती जितकी शिकवील तितकी पुण्या-मुंबईच्या मुलांना शिकवणार नाही, कारण इथे लॉगबुक भरायचं म्हणून नोव्हेंबरात गेलं की दारावर कुलूप असतं. मग कुटुंब कुठे गेलं, कधी येणार, धाकट्याची लस राहिली का, हे शोधावं लागतं, आणि शोधता शोधता विद्यार्थी नकळत अभ्यासक्रमाच्या पुढे जातो. अर्थात पुढच्या घराचं दार उघडं दिसलं म्हणून त्याच कुटुंबाचा रक्तदाब लिहून मोकळा होणारा विद्यार्थीही असणार. कुठल्या विद्यार्थ्याने काय केलं हे कॉलेजच्या प्राध्यापकाला कळायचं नाही. आशाताईंना कळेल, पण त्यांची सही लॉगबुकात लागत नाही.

राष्ट्रीय परीक्षा मंडळाने २०२० मध्ये पदवीनंतरच्या दोन वर्षांच्या पदविका काढल्या, जिल्ह्याच्या ठिकाणी विशेषज्ञ मिळावेत म्हणून. त्यांत फॅमिली मेडिसिनही आहे. पदविका कुठल्या रुग्णालयाला चालवता येईल? किमान शंभर खाटा असतील त्याला. २०२५ मध्ये आयोगाने प्राध्यापक होण्याचे नियम सैल केले. सरकारी रुग्णालयात दहा वर्षं काम केलेल्या विशेषज्ञालाही आता शिकवता येईल, मात्र ते रुग्णालय दोनशेवीस खाटांचं हवं आणि त्याच्याकडे पदव्युत्तर पदवी हवी. डहाणू-तलासरीतल्या भरारी पथकांचे डॉक्टर यांतल्या कुठल्याच रकान्यात येत नाहीत. त्यांच्याकडे खाटाच नाहीत. गेली तीस वर्षं त्यांच्या हाताखाली फिरून गेलेले बाँडवरचे तरुण एम.बी.बी.एस. मात्र पुष्कळ आहेत. वर्षभराचा बाँड, मोडला तर दहा लाखांचा दंड, म्हणून आलेले. केंद्राचा ताबा कागदोपत्री त्यांच्याकडे आणि पाड्याची वाट माहीत मानसेवीला, अशी ती जोडी. त्यातले काही वर्ष संपण्याची वाट पाहत राहिले, काही रोज गाडीत पुढच्या सीटवर बसून शिकले. कोण कोणाकडून शिकलं याची नोंद ठेवण्याची पद्धत आरोग्य खात्यात नाही. पथकाचा फेरीतक्ता मात्र दर महिन्याला तालुक्याला जातो. त्यात आश्रमशाळा, अंगणवाड्या, तपासलेली मुलं, पुढे पाठवलेले रुग्ण आणि गाडीचे किलोमीटर असे रकाने असतात.